आपले कोठार, परक्याची किल्ली

'क्लाउड कॉम्प्युटिंग' या नावातच अर्धी फसवणूक आहे. ढग म्हटले की डोळ्यांसमोर येते ते कोणाच्याही मालकीचे नसलेले मोकळे आभाळ. प्रत्यक्षात हा ढग म्हणजे कोण्या कंपनीच्या इमारतीत रांगेने मांडलेले, अफाट वीज रिचवणारे संगणक. आपली पत्रे, हिशेब, छायाचित्रे तेथे ठेवणे म्हणजे आपले धान्य दुसऱ्याच्या कोठारात भरून किल्लीही त्याच्याच कमरेला लावणे होय. प्रस्तुत लेखकाने आपल्या घरच्या संगणकापुरते हे नाकारले आहे. त्यामागे म्हातारपणाचा हट्ट नाही, अनुभवाचे दाखले आहेत.

जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण पुसलेल्यांत एक पुस्तक होते जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४'! दुकानदार रात्री येऊन आपल्या कपाटातून पुस्तक नेतो, हे आपण कधी सहन केले असते काय? २०१३मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केले की, फोटोशॉपसारख्या साधनांच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवर मिळतील. म्हणजे विकत घेणारा कायमचा भाडेकरू झाला.

ही केवळ घरगुती कुरबुर आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी जुलै २०२५ आठवावा. युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकी कंपनीची आणि तेलशुद्धीकरण कारखाना आपल्या गुजरातेतील वाडीनारचा! कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही गत, तर तुमच्याआमच्या कुटुंबाच्या कागदपत्रांचे काय?

याच प्रवाहाचे दुसरे टोक म्हणजे स्पर्शपडदा. ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या 'विंडोज ८'ने बोटांच्या सोयीसाठी परिचित 'स्टार्ट' बटण हटवले. लोकांची नाराजी पाहून पुढच्याच वर्षी ८.१मध्ये ते परत आणावे लागले. उभ्या पडद्यावर हात उचलून काम केले की घटकाभरात खांदा भरून येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. बोटांना सवय झाली की नजर मजकुरावरून हलत नाही. काचेवर बोटाला कळ लागत नाही, नजर सतत खाली वळते. काच पाहणाऱ्यासाठी आहे, कळफलक लिहिणाऱ्यासाठी. आपली मुले केवळ सरकवणारी व्हावीत की लिहिणारी, हा खरा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, घरातील हार्ड डिस्क बिघडते, चोरीला जाते, पुरात बुडते. खरे आहे. म्हणूनच दोन प्रती काढाव्यात, एक आप्तांच्या घरी ठेवावी. ढगात तिसरी प्रत ठेवायची तर खुशाल ठेवावी. पण एकमेव प्रत कदापि नाही. महत्त्वाचे दस्तऐवज कोणत्याही संगणकावर उघडतील अशा खुल्या स्वरूपात जपावेत. घराण्याची वंशावळ, आजोबांची पत्रे, जमिनीचे कागद हा आपला ठेवा आहे. त्याची राखण भाड्याने देता येत नाही.