तरुण मुलाला भेट काय द्यावी? एका कापडवाल्याचा अनुभव

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की त्याला काय हवे आहे हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळते, असा माझा समज होता. हा समज माझ्या सख्ख्या पुतण्याने मोडून काढला. ती हकिकत येथे सांगतो, कारण तिच्यात आपल्या धंद्याचाही हिशेब आहे.

पुतण्या बावीस वर्षांचा. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करून तो बोईसरला एका ठेकेदाराकडे कामाला लागला. २०२४ च्या रमजान ईदला मी त्याच्यासाठी मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून पॅन्ट-शर्टचा पीस आणला. ५८ इंच पन्ह्याचे कापड, पॅन्टला सव्वा मीटर, शर्टला एक मीटर साठ. अकराशे रुपयांचा माल. मुलाने अदबीने सलाम केला, शुक्रिया म्हणाला. बकरी ईदला मी विचारले, "शिवला नाहीस का?" तर म्हणाला, "शिवतो, चाचा."

त्याच वर्षी थंडीच्या लग्नसराईत एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले. घरच्या लग्नात आहेर आलेला एक पीस बदलून द्या म्हणाले. पिशवी उघडली तर तोच पीस! कडेला माझ्याच हातची किमतीची खूण. पुतण्याने तो आईकडे दिला होता, भावजयीने शेजारच्या लग्नात आहेर केला, आणि मोखाड्यात फिरून तो माझ्याच गल्ल्यासमोर आला.

आधी राग आला. मग फोन करून विचारले. तो घाबरला, पण खरे बोलला. "चाचा, कामावर वर्दी असते. सुट्टीच्या दिवशी टी-शर्ट घालतो. शिलाईला आठशे रुपये लागणार होते, म्हणून राहून गेले." मी विचारले, "मग तुला हवे काय होते?" बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मल्टिमीटर. साइटवर दुसऱ्याचा मागून घेतो." विजेचा दाब आणि प्रवाह मोजण्याचे हे यंत्र. कामापुरते चांगले यंत्र माझ्या पीसच्या किमतीतच आले असते. शिवाय दुसऱ्याकडे हत्यार मागणाऱ्या कारागिराला साइटवर काय ऐकून घ्यावे लागते, हे आपल्या कारागीर बंधूंना मी सांगायला नको.

"काही नको" म्हणजे काय?

लहान मुलाला खेळणे दिले की तो खूश. संसार मांडलेल्याला भांडे द्या, चादर द्या, कामाला येते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मात्र मधल्या पायरीवर उभी असते. घर त्यांचे नाही आणि खेळण्याचे वय गेलेले. थोडीफार कमाई असेल तर छोटी वस्तू ते मोबाइलवरून स्वतःच मागवतात. शर्टाचे माप एका कंपनीचे ४० तर दुसऱ्या कंपनीचे तेच माप अंगाला तंग. विचारायला जावे तर एकच उत्तर, "काही नको."

या "काही नको" ला आपण शिष्टाचार समजतो किंवा मुलाचा मिजास समजतो. माझ्या मते त्यात बहुधा संकोच असतो. हवी असलेली वस्तू महाग वाटते, किंवा वडीलधारे तिला फालतू म्हणतील अशी भीती वाटते. मग आपण आपल्याच आवडीने घेतो, आणि ते शुक्रिया म्हणून कपाटात ठेवतात.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की, भावनेची किंमत बाजूला ठेवून, मिळालेल्या वस्तूचे मोल तुम्ही किती कराल? देणाऱ्याने मोजलेल्या किमतीचा दहावा भाग ते एक तृतीयांश भाग वाया जातो, असे निघाले. मित्रांच्या भेटीत नुकसान जवळजवळ नव्हते. काका-काकू आणि आजी-आजोबा यांनी दिलेल्या वस्तूंत ते सर्वांत जास्त होते. हे वाचून मला माझा पीस आठवला. २०११ मध्ये फ्रान्सेस्का जीनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनीही अशीच पाहणी केली. देणाऱ्याला वाटते की न मागता आपण शोधून आणलेली वस्तूही तितकीच आवडेल. घेणाऱ्याला मात्र त्याने स्वतः सांगितलेली वस्तूच अधिक आवडते.

नुकसान गरिबाला जास्त बोचते

अकराशे रुपये माझ्या घरात सोसले गेले. पण आमच्या जव्हार-मोखाड्याचा विचार करा. दिवाळीनंतर येथील आदिवासी कुटुंबे वीटभट्टीवर आणि बांधकामावर भिवंडी, वसई, नाशिककडे जातात आणि होळीला गावी परततात. हंगामाची मजुरी गाठीला असते, तेव्हाच घरादाराचे कपडे होतात. आम्हा कापडवाल्यांचा तो मोठा बाजार.

मागे एका होळीला असाच एक बाप आला. बायकोचे लुगडे पटकन घेतले. तरण्या मुलाच्या पॅन्टपाशी अडला. मुलगा सोबत नव्हता. "आवडंल ना पोराला?" असे त्याने मला तीनदा विचारले. मी तिन्ही वेळा हो म्हणालो. त्या मुलाला मी कधी पाहिलेही नव्हते! पुढच्या बाजाराला तोच बाप दुकानासमोरून दोनदा गेला, आत आला नाही. नंतर कळले की पॅन्ट कमरेला बसली नव्हती. माझ्या भिंतीवर पाटी होती, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." त्याला वाचता येत नव्हते, पण विकताना मी ती तोंडाने सांगितली होती.

आणखी एक कबुली देतो. लग्नसराईत "आहेराला काहीतरी दाखवा" म्हणणारे गिऱ्हाईक आले की आपण कोणता माल काढतो? जो दोन वर्षे हलला नाही तो. देणारा बघत नाही, घेणारा बोलत नाही, आणि पडीक माल निघून जातो. तेच टॉवेल-टोपी आणि तेच ब्लाउजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात. आपल्याला वाटते, माल खपला. खरे तर तो पीस कोणी शिवत नाही, म्हणून शिंप्याच्या हातालाही काम मिळत नाही. आणि आपल्या मालाची आठवण म्हणून तरुणाच्या मनात उरते ती कपाटातली नको असलेली वस्तू. उद्या तो स्वतःच्या पैशाने कपडे घ्यायला आपल्याकडे कशाला येईल?

दुकानात काय करता येईल

त्या पीसने मला शहाणे केले. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला आणि रमजान ईद ३१ मार्चला, असे दोन्ही हंगाम एकाच महिन्यात आले. त्याआधीच मी काही बदल केले. व्यापारी बंधूंपुढे ते ठेवतो.

पहिला बदल म्हणजे भिंतीवरची पाटी काढली. भेटीचा माल असेल तर आत चिठ्ठी घालतो. तिच्यावर किंमत नसते, फक्त बिलाचा नंबर. घेणाऱ्याने एक महिन्यात यावे आणि त्याच किमतीचे हवे ते न्यावे. परत आलेला माल हातावर मोजण्याइतका निघाला. एकाने धुतलेला शर्ट आणला, तेव्हा वाद झाला आणि तो तोटा मी सोसला. पण बदलायला आलेल्या बहुतेक तरुणांनी आपले पैसे घालून आणखी काही घेतले.

दुसरा बदल शिलाईचा. शेजारच्या शिंप्याशी दर ठरवून घेतला. आता पीस देणाऱ्याला मी विचारतो, "शिलाईही तुम्हीच देता का?" शिलाईचे पैसे भरलेली चिठ्ठी सोबत गेली की मुलगा स्वतः माप द्यायला येतो, कॉलर कशी हवी ते सांगतो आणि कपडा अंगावर चढतो. मुलींच्या बाबतीत तर हे जास्त लागू आहे. ड्रेस मटेरियल स्वस्त आणि शिलाई महाग, अशी त्यांची अडचण असते.

तिसरा बदल सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड. "कोणासाठी? तो काय काम करतो?" एवढे विचारायचे, आणि उत्तर ऐकून गरज पडली तर "हे माझ्याकडे नाही" असे सांगायचे. नर्सिंग शिकणाऱ्या भाचीला चांगली चप्पल हवी असेल तर गिऱ्हाइकाला चपलेच्या दुकानात पाठवावे. एक विक्री जाते, पण तेच गिऱ्हाईक बस्ता बांधायला आपल्याकडे येते.

काही बुजुर्ग म्हणतील की विचारून दिलेल्या भेटीत मजा काय, ती मागणी झाली. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. न सांगता कोणी आपली गरज ओळखली तर आनंद मोठाच असतो. पण त्यासाठी त्या मुलाच्या रोजच्या जगण्याकडे लक्ष असावे लागते, आणि मी पुतण्याच्या कामाबद्दल दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. ज्याला ओळखता येत नाही त्याने विचारावे. विचारण्याचीही लाज वाटत असेल तर लिफाफ्यात रोख द्यावी. ईदी ही आपली जुनीच रीत आहे, तिला कमी लेखू नये.

भेटीने आपसात मोहब्बत वाढते, ही नबी (स.) यांची शिकवण आपण जाणतो. एका मुलाला भेट देऊन बाकीच्यांना वगळणाऱ्या बापाला त्यांनी औलादीत इन्साफ करण्याची ताकीद दिली, हेही आपण ऐकले आहे. म्हणून मुलाला हत्यार घेऊन देताना मुलीच्या शिक्षणाची वस्तू विसरू नये.

पुतण्याला मी त्याच आठवड्यात मल्टिमीटरचे पैसे पाठवले. कोणता घ्यायचा ते त्याने ठरवले. आता तो सुट्टीला आला की दुकानात येऊन बसतो आणि साइटवरच्या गोष्टी सांगतो. पूर्वी तो सलाम करून निघून जात असे. व्यापारी बंधूंनो, येत्या हंगामात कोणी "तरुण मुलासाठी काहीतरी द्या" म्हणाले, तर ठाणाकडे हात नेण्याआधी त्या मुलाची चौकशी करा.