जुनी मोटार आणि आपली भीड

घरी चारचाकी असावी ही इच्छा आता चैनीच्या सदरात मोडत नाही. बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबात मोठे दुखणे निघाले की नागपूर गाठावे लागते. सोयरीक गोंदिया-भंडाऱ्याकडची, शेतीवाडी वारासिवनी नाहीतर लांजीच्या बाजूची, आणि घरातल्या वृद्ध मंडळींना तर बसची पायरीही चढवत नाही. अशा वेळी दारात मोटार असली म्हणजे मोठा आधार वाटतो. परंतु नव्या मोटारीची किंमत ऐकली की मध्यमवर्गीय गृहस्थ पासबुक मिटून ठेवतो आणि जुनी मोटार शोधू लागतो. आमच्याकडे गेल्या काही महिन्यांत याच विषयाची विचारणा इतक्या जणांनी केली, की या सदरातून त्याचा एकदा नीट परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटले.

जुन्या मोटारीच्या बाजारावर एका अर्थशास्त्रज्ञाने नोबेल पारितोषिक मिळवले आहे, हे वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन पंडिताने १९७० साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला आणि २००१ साली त्या कार्याबद्दल त्यांना अन्य दोघांसमवेत हा सन्मान लाभला. त्यांचे म्हणणे साधे होते. मोटारीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. फसण्याच्या भीतीने घेणारा सर्वच मोटारींना मध्यम किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकास परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. आणि मागे उरतो तो बहुतांशी खोटा माल. म्हणजे जुन्या मोटारीच्या व्यवहारात लबाडीपेक्षाही मोठा शत्रू कोणता असेल, तर तो अज्ञान होय. ज्याने विकणाऱ्याइतकी माहिती मिळवली, त्याने अर्धा व्यवहार जिंकला.

या दृष्टीने लहान गाव मोठ्या शहरापेक्षा भाग्यवान आहे. आपल्या गावातली मोटार कोणाच्या दारात उभी असते, ती कोण चालवतो, तिला कोठे धडक बसली होती, हे चार माणसांना ठाऊक असते. आणि एखाद्या जाणत्या मिस्त्रीस तर तिची जन्मकुंडलीच पाठ असते. नागपूरच्या बाजारात चकचकीत मोटारींची रांग लागलेली असते खरी, पण त्यांतील एकीचाही पूर्वेतिहास आपणास माहीत नसतो. म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की शोध घरापासून सुरू करावा. एकाच मालकाने वापरलेली, गावातल्या मिस्त्रीच्या ओळखीची मोटार दहावीस हजारांनी महाग पडली तरी ती स्वस्तच समजावी.

आता पैशांचा हिशेब. समजा, आपल्यापाशी तीन लाख रुपये आहेत. तर मोटार तीन लाखांची पाहू नये. अडीच लाखांच्या आतली पाहावी. उरलेल्या पन्नास हजारांत नावाचे हस्तांतरण, विमा, इंजिन ऑइल व फिल्टर, आणि बहुधा टायर वा बॅटरी यांचा खर्च पहिल्या तीनचार महिन्यांतच निघतो. कर्ज काढून जुनी मोटार घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की जुन्या मोटारीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्या मोटारीच्या कर्जापेक्षा अधिक असतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी तो २८ टक्के आणि त्यावर उपकर असा होता. साहजिकच नव्या मोटारींच्या किमती उतरल्या. विकणारा जर आपली किंमत जुन्या दराच्या हिशेबाने सांगत असेल, तर त्याच मोटारीची आजची नवी किंमत आधी विचारून घ्यावी आणि मगच बोलणी करावी.

मोटार किती जुनी असावी? येथे काही सनावळी पाठ असणे उपयोगी पडते. १ जुलै २०१९ पासून चालकापुढील एअरबॅग प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. शेजारच्या आसनापुढील एअरबॅगची सक्ती २०२१ च्या अखेरीपासून सर्व मोटारींना लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक आले. तेव्हा पैशांची अगदीच ओढ नसेल तर २०१९ च्या उत्तरार्धानंतरची मोटार पाहावी. बैहरचा घाट उतरताना ती एअरबॅग कधीच फुगू नये अशी आपण प्रार्थना करतो, परंतु ती असावी हे बरे. दुसऱ्या टोकाला, पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते आणि तपासणी करून पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजारांवर गेले. म्हणून तेरा-चौदा वर्षांची मोटार स्वस्त दिसली तरी हा खर्च तिच्या पाठीवर बसलेलाच आहे असे समजावे.

डिझेलच्या मोहात सहसा पडू नये. गावात चार-पाच किलोमीटर फिरणारी आणि महिन्यातून एकदा गोंदियास जाणारी मोटार पेट्रोलचीच असावी. नव्या मानकाच्या डिझेल मोटारीतील धूर गाळणारी चाळणी लांब पल्ल्याच्या धावेवाचून चोंदते आणि दुरुस्ती महागात जाते. सी.एन.जी. बसवलेली असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकात आहे की नाही, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची चाचणी झाली आहे की नाही, हे दोन्ही पाहावे. ज्या कंपन्यांनी भारतातील विक्री थांबवली, त्यांच्या मोटारी फार स्वस्त मिळतात. शेव्हरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला. या मोटारी वाईट होत्या असे नव्हे; पण सुटा भाग किती दिवसांत येईल हे आपल्या मिस्त्रीने सांगितल्याखेरीज त्या घेऊ नयेत. ऑल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो यांसारख्या, ज्यांचे भाग तहसिलीच्या गावीही मिळतात, अशा साध्या मोटारी मर्यादित कमाईच्या घरास शोभतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या वडीलधाऱ्यांचे वचन मोटारीच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

पूर्वी बैलबाजारात शेतकरी बैलाचा जबडा उघडून दात पाही. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशी वयाची पारख तो स्वतः करी. विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसे. मोटारीलाही असे दात आहेत. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. पण ब्रेक-क्लचच्या पायट्यांवरचे झिजलेले रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीत झालेला भाग आणि चालकाचे दबलेले आसन खोटे बोलत नाहीत. आकडा तीस हजार सांगतो आणि पायटा मात्र लाखभर किलोमीटरचा दिसतो, तेथून निमूटपणे परत फिरावे. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. २३२१ असे दिसले तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर एकाच अंगाने झिजला असेल तर चाकांच्या जोडणीत, किंवा क्वचित सांगाड्यातच, दोष असतो.

मोटार सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी इंजिनात शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला तर तेही त्याच रोगाचे लक्षण. दार आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत का, बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडाला आहे का, हे न्याहाळले म्हणजे अपघाताची साक्ष मिळते. पत्र्यावर साधे लोहचुंबक फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली बहुधा पुट्टी भरलेली असते. मात्र बंपर मुळातच प्लास्टिकचा असतो, हे विसरू नये.

पुराची मोटार हा याहून अवघड प्रकार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरले आणि दारातल्या कित्येक मोटारी बुडाल्या. बुडालेली मोटार धुऊनपुसून चालू करता येते, पण तिच्या विजेच्या तारा पुढे कित्येक महिने रुसत राहतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ सापडते. गालिचा उचलून वास घ्यावा. आसनाखालच्या रुळांवर गंज आहे का ते बघावे.

आता कागदपत्रे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, आणि भंडारा-नागपूर पलीकडे गेले. आपल्या लेकी-सुना आजही ती सीमा मानत नाहीत, परंतु मोटारीच्या नंबरास ती मानावी लागते. महाराष्ट्रातील मोटार घ्यावयाची तर तेथील परिवहन कार्यालयाची एन.ओ.सी. हवी, परराज्यातील मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तर येथील नोंदणी घ्यावी लागते, आणि येथील करही भरावा लागतो. तो कर किती येईल हे बालाघाटच्या परिवहन कार्यालयात आधी विचारून किमतीतच धरावे. एम.एच. ३५ ची स्वस्त मोटार एम.पी. ५० होईपर्यंत कधी कधी स्वस्त राहत नाही. आर.सी. बुकात बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि ३५ क्रमांकाचा नमुना हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. चासी व इंजिनाचे क्रमांक स्वतः वाचून पुस्तकाशी ताडावेत, थकलेली चलाने पाहावीत. घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करावा आणि चौदा दिवसांत विमा कंपनीस कळवावे, असा कायदा आहे.

येथेच आपली मराठी भीड आडवी येते. मोटार नात्यातली किंवा ओळखीतली असते, आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे आपणांस वाटते. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली मोटार दूरच्या नातलगास दिली. पैसे मिळाले, चहा झाला, कोऱ्या नमुन्यांवर सह्याही झाल्या. नाव मात्र बदलले नाही. नातलगाने ती पुढे विकली. दोन वर्षांनी अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती या शिक्षकांच्या नावे. ज्या मोटारीचा रंगही आता आठवत नव्हता, तिच्यापायी म्हातारपणी वकील करण्याची वेळ आली, आणि दोन घरांचे बोलणे तुटले ते निराळेच. हा काही विरळा प्रकार नव्हे. अनेक हातांतून गेलेल्या अशाच एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावे, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांनाही परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे आणि मोटार ताब्यात आल्याची वर्दी देणे आवश्यक झाले आहे. व्यापाऱ्याकडून घेताना किंवा त्यास विकताना ते अधिकारपत्र अवश्य पाहावे.

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्याच भाषेतली. नात्याचा मान ठेवावयाचा असेल तर कागद आधी करावेत. कागद पुरे झाले म्हणजे नाते निर्धास्त राहते. आणि एक गोष्ट घेणाऱ्यापेक्षाही विकणाऱ्यास सांगाविशी वाटते. आज जो घेतो तोच उद्या विकतो. मोटारीतला दोष आपण होऊन सांगितला तर पाचदहा हजार कमी येतील. परंतु लहान गावात शब्दाची किंमत त्याहून पुष्कळ अधिक आहे. अकरलॉफ यांनी वर्णिलेला तो खोट्या मालाचा बाजार आपल्या गावापुरता तरी मोडता येईल, तो असा खरे बोलणाऱ्या विक्रेत्यांनीच. वाचकांनी मोटार अवश्य घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून, आणि भीड घरी ठेवून.