त्यांना देव म्हणूं नका, झोपूं द्या

साप चावला, फवारणींत विष अंगांत भिनलें, मळणीयंत्रांत हात गेला किंवा लेक बाळंतपणांत अडली, कीं आमचा कुणबी, माळी, सुतार, कुंभार बांधव मध्यरात्रीं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याची वाट धरतो. धनवंताला दहा दारें उघडीं असतात. आम्हांस तें एकच. त्या दाराशीं बसलेला माणूस शुद्धींत आहे कीं पेंगतो आहे, हा प्रश्न म्हणूनच सर्वांआधीं आमचा आहे. त्याविषयीं आज आम्ही वाचकांशीं दोन शब्द बोलणार आहों.

बऱ्याच ठिकाणीं तो माणूस कालपासून जागा असतो. निवासी डॉक्टर सलग २४ तास, ३६ तास राबतात, ही गोष्ट आतां गुपित राहिलेली नाहीं. ९ ऑगस्ट २०२४ रोजीं कलकत्त्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयांत एका तरुण स्त्री-डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. ३६ तासांच्या पाळींत घटकाभर अंग टाकावें म्हणून ती बिचारी चर्चासत्राच्या दालनांत निजली होती. त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा पाळ्यांना अमानुष म्हटलें. वास्तविक मध्यवर्ती सरकारचा १९९२ सालचा आदेशच सांगतो कीं, निवासी डॉक्टरचें सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावें. कागदावर १२ आणि प्रत्यक्षांत ३६! ह्यासच राज्यकारभार म्हणावयाचें काय?

मोटेच्या काळीं आमचे वडील दुपारीं बैल सोडीत, त्याला पाणी दाखवीत, वैरण टाकीत. रात्रंदिवस जुंपलेला बैल बसकण मारतो, हें शेतकऱ्याच्या पोराला शिकवावें लागत नाहीं. माणसाचेंहि तेंच होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं ह्या अवस्थेची नोंद आपल्या यादींत घेतली. तिला रोग न म्हणतां, कामाच्या ठिकाणीं सतत सोसलेल्या व न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलें. तिच्या खुणा तीन: अंगांतलें त्राण संपणें, कामाविषयीं मन विटणें, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं असें वाटणें.

ह्यांपैकीं दुसरी खूण आमच्या वाचकांनीं स्वतः सोसलेली आहे. म्हातारीला घेऊन गेलों तर सिस्टर वसकन अंगावर आली, डॉक्टर मान वर न करतांच बोलला, अशी तक्रार गांवोगांव ऐकूं येते. ती खोटी नाहीं. त्या बोलण्यांत जातीचा किंवा गरिबीचा तिरस्कार असेल, तेथें आम्ही कोणाचीहि गय करणार नाहीं. परंतु पुष्कळदां तें मन तिरस्कारानें नव्हे, जाग्रणानें दगड झालेलें असतें. हा भेद ओळखल्यावांचून औषध सांपडणार नाहीं.

आणि हें काम तरी कसलें! २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतां करतां वीसएक शेतकरी-मजूर विषबाधेनें दगावले. फवारणीचें विष भिनलेल्या पुष्कळशा रोग्यांस ॲट्रोपीन कांहीं कांहीं मिनिटांनीं टोंचावें लागतें. छातींतली घरघर, नाडी, डोळ्यांची बाहुली पाहून मात्रा वाढवावी लागते. मात्रा कमी पडली तर रोगी गुदमरतो, फार झाली तर भ्रमिष्ट होतो. साप चावलेल्याचें रक्त काचेच्या कोरड्या नळींत २० मिनिटें न हलवतां ठेवून तें गोठतें कीं नाहीं, हें पाहावें लागतें. हीं कामें पेंगत्या डोळ्यांचीं नव्हत. २४ तास जागलेल्या माणसाची हुशारी रक्तांत शेंकडा ०.१० मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असें १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या संशोधकांनीं दाखविलें. मोटार हांकणाऱ्यास आमचा कायदा ०.०३ च्या वरच पकडतो! ज्याच्या हातीं मोटार द्यावयाची नाहीं, त्याच्या हातीं आमच्या कुळवाड्याचा जीव द्यावा काय?

२०२० च्या महामारींत लोकांनीं थाळ्या वाजविल्या, हवाईदलानें दवाखान्यांवर फुलें उधळलीं, डॉक्टर-परिचारिका देव झाले. देव केला कीं त्याला भूक नाहीं, झोप नाहीं, रजा नाहीं. आणि नवसाला पावला नाहीं तर त्याच्यावर दगड टाकायलाहि मोकळीक! ही युक्ति आमच्या चांगलीच ओळखीची आहे. सेवेचें पुण्य सांगून शूद्रातिशूद्रांकडून फुकट राबवून घेणाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या हीच वापरली. आणि त्या देवपणाचा मानहि डॉक्टरापाशींच संपतो. स्ट्रेचर ओढणारे मामा, रक्त पुसणाऱ्या मावशी, कंत्राटावरच्या परिचारिका ह्यांची गणती कोण करतो? तीं तर बहुतेक आमच्याच घरचीं लेकरें आहेत.

आठवड्याची सुट्टी ही कोणा देवाची देणगी नव्हे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या ५ हजारांवर गिरणीकामगारांच्या सह्यांनिशीं ती मागितली, व १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळविली. तेच लोखंडे १८९७ च्या प्लेगांत लोकांची सेवा करतां करतां गेले. सावित्रीबाई फुलेहि त्याच वर्षीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना गेल्या. सबब सेवा म्हणजे काय, हें आम्हांस कोणी शिकवूं नये. ज्यानें सेवेंत प्राण दिला, त्यानेंच कष्टकऱ्याच्या विसाव्यासाठीं झगडा केला, हें मात्र आमच्या लोकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमचें मागणें साधें आहे. रिक्त जागा भरा. पाळी १२ तासांची ठेवा, आणि पाळीचा तक्ता अपघात विभागाच्या दारावर सर्वांस दिसेल असा लावा. निजायला आंतून कडी लागेल अशी खोली द्या. हाच नियम मामा-मावशींनाहि लावा. तालुक्याचें ग्रामीण रुग्णालय रात्रीं खरेंखुरें चालवा, म्हणजे सारा लोंढा जिल्ह्यावर पडणार नाहीं. पैसा नाहीं, असें सरकार सांगेल. एका माणसाकडून तिघांचें काम घेऊन जो पैसा वांचतो, तो आमच्या प्राणांतून वांचतो, हें त्यास बजावलें पाहिजे.

आतां बांधवांनो, एक शब्द तुम्हांलाहि. दवाखान्यांत हात उगारूं नका. महाराष्ट्रांत २०१० पासून त्याविरुद्ध कायदा आहे. पण तुरुंगाच्या भयानें आम्ही हें सांगत नाहीं. आज ज्याला माराल तो उद्यां तुमच्या शेजाऱ्याला हात लावायला कचरेल, म्हणून सांगतों. शिवाय ज्यानें जागा भरल्या नाहींत, तो त्या रात्रीं आपल्या बंगल्यांत स्वस्थ घोरत असतो. त्याला तुमचा हात लागतच नाहीं. तो मतें मागायला दारीं येईल, तेव्हां त्याला एवढेंच विचारा: आमच्या दवाखान्यांत रात्रीं किती माणसें जागीं असतात, आणि तीं केव्हांपासून जागीं आहेत?