गाडी थांबली की इंजिनही थांबावे

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी लाल सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकलस्वाराला वरून ऊन भाजते आणि खालून इंजिन. वरच्या उन्हासाठी नागपुरात काही चौकांत हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, ते चांगलेच आहे. खालच्या आगीचा विचार मात्र गाडीच्या मालकाला एकट्यालाच करावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा गॅरेजच्या दारात जाऊन संपतो: जाड ऑइल टाका, प्लग बदला, ऑइल कूलर बसवून घ्या. यातले काही उपाय आपापल्या जागी ठीक असतील. पण हवेवर थंड होणारी धडधाकट गाडी कोंडीत तापते, तेव्हा तिच्यात काही बिघडलेले नसते. चालण्यासाठी घडवलेल्या यंत्राला आपण उभे करून राबवत असतो. त्यावरचा पहिला आणि फुकटचा इलाज किल्लीत आहे. गाडी थांबली की इंजिन बंद करणे ही सवय आजही पेट्रोल वाचवणाऱ्या काटकसरी माणसाची समजली जाते. ती सगळ्यांची व्हायला हवी, आणि कंपन्यांनी व महापालिकांनी तिला हातभार लावायला हवा.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण ९ युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर पडते. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ताशी ५० च्या वेगाने तासभर चालली, तर त्यातली दोन-अडीच युनिटेच चाक फिरवण्याच्या कामी येतात. बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या अंगातून उष्णता होऊन जातात. दोन किलोवॉटचे तीन गिझर तासभर चालू ठेवावेत, इतकी तरी ही उष्णता आहे. तरीही मोकळ्या रस्त्यावर गाडीला काही होत नाही, कारण सिलिंडरवरच्या पात्यांमधून, म्हणजे फिन्समधून, सतत वारा वाहत असतो. रेडिएटरच्या गाड्यांना पाणी फिरवणारा पंप आणि गरज पडताच सुरू होणारा पंखा असतो. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला, आपल्या कित्येक ऑटोरिक्षांनासुद्धा इंजिनबरोबर फिरणारा पंखा दिलेला असतो, त्यामुळे गाडी उभी असली तरी हवा मिळत राहते. स्प्लेंडर किंवा पल्सर १५० सारख्या मोटारसायकलींना यातले काहीच नाही. वेग थांबला की त्यांचा वारा थांबला.

यावर जाणते मेकॅनिक एक रास्त आक्षेप घेतात. न्यूट्रलमध्ये नुसते घरघरणारे इंजिन मिनिटाला जेमतेम १४०० फेरे घेते, पेट्रोलही अगदी थोडे जाळते. तेवढ्या उष्णतेने त्याचे काय बिघडणार? एका सिग्नलपुरते हे बरोबर आहे. दीड-दोन मिनिटांच्या थांब्याने निरोगी इंजिनाला धक्का लागत नाही, कंपनीने तेवढी तजवीज केलेलीच असते. पण कोंडी म्हणजे एक सिग्नल नव्हे. संध्याकाळी पुण्याजवळच्या हिंजवडीतून बाहेर पडणारा माणूस थांबतो, चार हात पुढे सरकतो, पुन्हा थांबतो. या सरकण्यात पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच आणि पिळलेला ॲक्सिलरेटर असे तिन्ही एकत्र येतात, आणि खरे नुकसान इथे होते. या गाड्यांचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या प्लेटा एकमेकींवर घसरल्या की घर्षणाची सगळी उष्णता त्याच ऑइलमध्ये उतरते, आणि ते ऑइल असते जेमतेम लिटरभर. पिस्टन, कॅम, गिअर या सगळ्यांची भिस्त त्याच्यावर. म्हणून सरकणे जितके कमी वेळा होईल तितके बरे. पुढच्या गाडीला चाक भिडवत राहण्यापेक्षा थोडी जागा साचू द्यावी आणि मग क्लच पूर्ण सोडून ती एका दमात कापावी. मधल्या जागेत दुसरा कोणी घुसेल हे खरे. त्याने आपले काही सेकंद जातील, क्लच मात्र वाचेल. आणि दोन सरकण्यांच्या मध्ये जो लांब थांबा मिळतो, त्यात इंजिन बंद असेल तर निदान नवी उष्णता तयार होणे थांबते. तापलेल्या यंत्राला कोंडीत याहून मोठी विश्रांती मिळत नाही.

ऑइलचा मुद्दा जरा विस्ताराने पाहायला हवा, कारण तिथे आपला हिशेबच चुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. ऑइल बदलायचे केव्हा, हे मात्र आपण किलोमीटरवर ठरवतो, आणि कोंडीत उभ्या गाडीचा काटा हलत नाही. सातारा रस्त्याने रोज गावाहून येणारी गाडी आणि दिवसभर पुण्याच्या पेठांत खाण्याचे डबे पोचवणारी गाडी यांच्या काट्यावर सारखाच आकडा दिसला, तरी दुसरीचे इंजिन कितीतरी अधिक तास फिरलेले असते, तेही वाऱ्याविना. तिचे ऑइल लवकर बदलावे लागते आणि पातळी दर आठवड्याला पाहावी लागते. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच ठेवावा. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात उन्हाळा आला म्हणून दाट ऑइल ओतण्याने नेमके भले होईलच असे नाही. कारचे ऑइल तर टाकूच नये, त्यातल्या काही घटकांनी क्लच घसरू लागतो आणि उष्णता उलट वाढते. तापलेल्या सिलिंडर हेडवर पाणी ओतणेही टाळावे, धातू एकाएकी आणि असमान आकसतो. फिन्समध्ये पावसाळ्यापासून बसलेला चिखल काढणे आणि लेगगार्डवरचे रेक्झिनचे पडदे उन्हाळ्यात उतरवणे, ही पाच मिनिटांची कामे त्यापेक्षा उपयोगी आहेत.

इंजिन वारंवार बंद करण्याविरुद्ध तीन गोष्टी ऐकू येतात. स्टार्टर आणि बॅटरी झिजेल, ही पहिली. हिरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये अशी सोय दिली की गाडी न्यूट्रलमध्ये काही सेकंद थांबली की इंजिन आपोआप बंद व्हावे आणि क्लच दाबताच सुरू व्हावे. सर्वांत साध्या, रोजच्या वापराच्या गाडीत जे चालते, ते यंत्राला सोसत नाही असे म्हणणे टिकत नाही. बॅटरीच दमलेली असेल तर आधी ती बदलायला हवी, तशीही ती लवकरच रस्त्यात दगा देणार. पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल जाते, ही दुसरी. एप्रिल २०२० पासून बहुतेक बीएस-६ गाड्यांत पेट्रोल मोजून सोडणारे इंजेक्शन आले. गरम इंजिन सुरू करायला लागणारे पेट्रोल काही सेकंदांच्या घरघरीइतकेच असते. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: इंजिन थांबले की ऑइलचे फिरणेही थांबते आणि हेड थोडा वेळ आणखी तापते. तसे होतेही. पण ती आत साचलेलीच उष्णता पसरत असते, भर पडत नाही. घाटातून भरधाव येऊन एकदम थांबलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी, कोंडीतल्या इंजिनाला तसा ताण नसतो. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. रात्री रांगेत शेवटी असताना किल्ली फिरवून मागचा दिवा घालवू नये. तेव्हा गाडीला इंजिन बंद करणारे बटण असेल तर फक्त ते वापरावे आणि किल्ली चालूच ठेवावी.

दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम निघाली, ती धुरासाठी. आपल्या शहरांत ती उष्णतेसाठीही हवी, आणि नुसत्या आवाहनाने ती रुजणार नाही. लाल दिवा किती वेळ राहणार हे दिसत नसेल, तर मागून हॉर्न वाजतील या धास्तीने माणूस इंजिन चालूच ठेवतो. गर्दीनुसार वेळ बदलणाऱ्या नव्या सिग्नलवर नेमका आकडा दाखवणे अवघड आहे हे मान्य, पण निदान किती सेकंद नक्कीच थांबावे लागेल एवढे तरी दाखवता येईल. आपोआप बंद होणारे इंजिन ही काही मॉडेलांपुरती सोय राहू नये, ती प्रत्येक साध्या मोटारसायकलीत यावी. पुस्तिकेत ऑइलच्या मुदतीसाठी किलोमीटरच्या शेजारी तासांचा रकानाही यावा, कारण दिवसभर कोंडीत राबून पोट भरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याच्या गाडीचे खरे वय तासांतच मोजावे लागते.