छापखान्यातली बिऱ्हाडं
जुन्या छापखान्यात फ्लॅट निघाले की कामगारांचा इतिहास गिळला, अशी ओरड होते. शिकागोच्या प्रिंटर्स रो भागाबाबत ती पुरती पटत नाही. १८८५ मध्ये तिथे डिअरबॉर्न स्थानक झालं आणि कागद आणायला, पुस्तकं धाडायला रेल्वे दारात आली. यंत्रांचा भार पेलणारे भक्कम मजले, खिळे जुळवणाऱ्यांना दिवसाचा उजेड देणाऱ्या मोठ्या खिडक्या, ही इथल्या इमारतींची ठेवण. राहायलाही याहून वेगळं काय लागतं? पुढे ऑफसेट आलं, मालमोटारी आल्या, उपनगरातले ऐसपैस एकमजली कारखाने परवडू लागले. १९७१ मध्ये स्थानकही बंद पडलं. म्हणजे धंद्यानं आधीच काढता पाय घेतला होता. इथल्या १८८३ च्या डोनोह्यू इमारतीत बिऱ्हाडं आली ती त्यानंतर. इथल्याच फ्रँकलिन इमारतीच्या दारावर गुटेनबर्गच्या पहिल्या छापाचं रंगीत फरश्यांतलं चित्र आजही आहे. उलट मुंबईतल्या आपल्या गिरणगावात गिरण्या पाडून उठलेल्या टॉवरच्या पायाशी फार तर एखादं धुरांडं उरतं. ही घरं छपाई कामगाराच्या आवाक्यातली नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त. पण तो किमतीवरचा आहे, आणि जुनी इमारत पाडून नवी बांधल्यानं किमती उतरल्याचं गिरणगावात तरी दिसलेलं नाही.