एका हाडाची साक्ष

सप्टेंबर २०१९ मध्ये राखीगढीची बातमी झळकली, त्या सकाळी एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला : ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत, सिद्ध झाले!’ दुपारी दुसऱ्यांचा : ‘आले होते, सिद्ध झाले!’ दोघेही एकाच दिवशी प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांचा हवाला देत होते. गंमत अशी, की दोन्हींच्या लेखकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आहेत!

हरियाणातील या हडप्पाकालीन स्थळाचे साठेक नमुने तपासले गेले. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. कामापुरता मिळाला तो एकाच स्त्रीचा. गोनूर आणि शहर-इ-सोख्ता येथील अकरा सांगाडे तिच्याशी जुळतात, म्हणून ती अगदीच एकटी नव्हे. तिच्यात गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश आढळला नाही. बरे, मग? ती साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तो अंश उपखंडात आला इ. स. पूर्व २००० ते १५०० च्या सुमारास, असे दुसरा निबंध म्हणतो. पाहुणा आजच्या पंगतीत नाही, म्हणून तो उद्याही आला नाही असे कसे म्हणावे?

पण दुसऱ्या स्नेह्यांचीही उडी लांबच. अंश आला एवढे कळते. तो तलवारीने आला की सोयरिकीने, हे त्यातून कळत नाही. ती बाई कोणती भाषा बोलत होती, हेही हाड सांगत नाही.

दोघांनाही मी मूळ निबंधांच्या प्रती पाठवल्या. पोच आली, अभिप्राय नाही.