आज्ञार्थाची लाज कशाला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता बंदी उठली आहे, तर मनात साठलेलं एक भांडण आधी मांडून टाकतो. चिरंजीव आणि सूनबाई हे वाचतील. वाचोत!

टेक्सासमधली माझी नात सातवीत आहे आणि शाळेत स्पॅनिश शिकते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिची परीक्षेची तयारी चालली होती. विषय: आज्ञार्थ. आम्ही जुने मास्तर, लगेच कान टवकारले. स्पॅनिशमध्ये 'येणे'ला 'बेनीर' म्हणतात. (लिहितात व्ही, पण उच्चार ब. मी 'वेनीर' म्हटलं तर पोरीने लगेच दुरुस्त केलं.) मैत्रिणीला बोलवायचं तर 'बेन', शाळेतल्या बाईंना 'बेंगा'. म्हणजे आपलं 'ये' आणि 'या'! बोलणे म्हणजे 'आब्लार'. मैत्रिणीला 'आब्ला', बाईंना 'आब्ले'. खाणे म्हणजे 'कोमेर', आणि तिथे स्वर उलटे: मैत्रिणीला 'कोमे', बाईंना 'कोमा'. मैत्रिणीला सांगायच्या आठ आज्ञा मात्र नियमात बसत नाहीत. त्या लक्षात ठेवायला त्यांच्याकडे एका सिनेनटाच्या नावावरून केलेलं इंग्रजी वाक्य आहे, 'व्हिन डीझल हॅज टेन वेपन्स'. त्यातून बेन, दी, साल, आस, तेन, बे, पोन, से अशा आठही निघतात. ये, सांग, बाहेर पड, कर, धर, जा, ठेव, हो. आम्ही विभक्तीचे प्रत्यय घोकायचो त्याची आठवण झाली.

मी खूश होऊन म्हटलं, "शाब्बास! आता मराठीत. आजीला कसं बोलावशील आणि मला कसं?" पोरगी गप्प. मग म्हणाली, "आजी, ये. आजोबा, तुम्ही ये."

मागून चिरंजीव हसले. "बाबा, आम्ही घरात ऑर्डर सोडत नाही. मराठीत ते जरा रूड वाटतं. आम्ही प्लीज म्हणतो."

इथे माझं डोकं फिरलं. घरात आज्ञा नाहीत म्हणे! त्याच तासाभरात मी 'सिट प्रॉपर्ली', 'फिनिश युवर मिल्क' आणि तीन वेळा 'कम हिअर' ऐकलं. आज्ञा आहेतच, फक्त त्या मराठीत नाहीत. आणि टेक्सासला कशाला नावं ठेवायची? आपल्या बिटको चौकात पाच मिनिटं उभे राहा. 'हात धर' म्हणणाऱ्या आया कमी आणि 'होल्ड माय हँड'वाल्या जास्त. जेलरोडला संध्याकाळी कुत्री फिरवणारे त्यांनाही 'सिट' आणि 'कम'च म्हणतात. कुत्र्याला आणि नातवाला एकच भाषा! (हलकेच घ्या.)

यात काय बिघडलं? बिघडलं ते असं. मराठीत एकवचनी आज्ञार्थ म्हणजे उघडा धातू. कर, बस, ऊठ, दे, घे, पुस. प्रत्यय काही नाही. आम्ही फळ्यावर 'धातू' म्हणून जो लिहायचो, तो मूल रांगण्याच्याही आधी आईच्या तोंडून ऐकत असतं. पुसतो, पुसशील, पुसून, पुसायला हे सगळं मग त्याच्यावर उभं राहतं. आज्ञा इंग्रजीत गेली की धातूच घराबाहेर गेला. मग मूल म्हणतं, 'मी वाइप केलं', 'मी वॉश केलं', 'मी फिनिश केलं'. सगळ्या कामांना मिळून मराठीचा एकच 'कर' उरतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे मेसेज पुढे ढकलले. अहो, पण घरात 'पुस' आणि 'धू' उरले नाहीत तर अभिजात कशाला म्हणायचं?

राहिला उद्धटपणाचा मुद्दा. मराठीत मान क्रियापदाच्या शेपटीत असतो: ये, या, यावं. आणि गोडवा त्याच्याही पुढे चिकटतो. 'सांग बघू', 'बस की गं', 'दे ना जरा', 'लवकर ये हं'. एवढ्या तऱ्हांनी विनवता येत असताना एक 'प्लीज' घेऊन काय बसलात? शिवाय एकवचन म्हणजे अपमान हे कुणी सांगितलं? आपल्या मुक्तिधामच्या भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय लिहिलेले आहेत. त्यात भगवंत अर्जुनाला ऊठ आणि लढ असंच सांगतात. आपणही देवाला 'धाव' म्हणतो आणि साहेबाला 'या' म्हणतो. स्पॅनिश बोलणारेही देवाला 'तू'च म्हणतात.

आता माझीही एक कबुली. चौतीस वर्षं वर्गात मी 'ऊठ!' असा ओरडत आलो. मध्यंतरी नाशिक रोड स्टेशनवर एक जुना विद्यार्थी भेटला. वाकून नमस्कार करून म्हणाला, "सर, तुमचं ते 'ऊठ' अजून कानात आहे." ही स्तुती होती की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. पण दोष असेल तर तो माझ्या आवाजाचा. 'ऊठ' बिचारं निर्दोष आहे.

असो. आता दर रविवारी पाच मिनिटं आमचा खेळ चालतो. एक आज्ञा मी करायची, एक तिने. ये-या, दे-द्या, घे-घ्या, हो-व्हा हे तिने दोन रविवारांत पक्कं केलं. 'जा'पाशी अडली. तुलाही जा आणि तुम्हालाही जाच? "दॅट्स नॉट फेअर!" मी म्हटलं, म्हणून तर आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरचे त्याला 'या' म्हणतात. कॉल संपवताना मी मुद्दाम म्हटलं, "येतो गं."

तिने क्षणभर विचार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बेंगा!"